तेच उत्तर, पुन्हा

उत्तर काढून टाकल्याची सूचना आली तेव्हा शैलजा बोरकुटे जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या आपल्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होती. ‘आपले उत्तर पुनरुक्ती असल्याने हटवण्यात आले आहे. आधीच्या उत्तराशी सहमत असल्यास कृपया अंगठा द्या.’ तिनं ते दोनदा वाचलं, डब्याचं झाकण परत लावलं आणि तेच उत्तर, एक शब्दही न बदलता, पुन्हा लिहिलं.

‘इन्सुलिन बंद करू नका. एक दिवसही नाही. आजच मुलीला डॉक्टरांकडे न्या.’

फोरमचं नाव साखरसोबत. ज्यांच्या लेकरांच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, ज्यांना रोज सुई टोचल्याशिवाय गत्यंतर नाही, अशा मराठी आईबापांसाठी पुण्याच्या आलोक खांबेटे यांनी तो सुरू केला होता. त्यांच्या स्वतःच्या मुलाला चौथ्या वर्षी हा आजार झाला होता. शैलजाच्या दुर्वाला सातव्या वर्षी झाला. आता दुर्वा एकोणीस वर्षांची होती, कॉलेजात जात होती, आणि शैलजा फोरमच्या सगळ्यात जुन्या सदस्यांपैकी एक होती. प्रवासात इन्सुलिन थंड कसं ठेवायचं, शाळेतल्या बाईंना काय सांगायचं, लग्नाच्या पंगतीत मूल किती खाईल याचा अंदाज कसा बांधायचा, हे सगळं ती तिथे शिकली आणि तिथेच तिनं पुढच्यांना शिकवलं.

नियम तिलाही माहीत होता. दिलेलं उत्तर पुन्हा द्यायचं नाही. त्यामागे कारणही होतं. सुरुवातीच्या काळात एका बापानं घाबरून विचारलं होतं की मुलाची साखर एकदम खाली गेली, काय करू. खरं उत्तर देणारा एकच होता आणि त्याच्यावर ‘आमचंही असंच झालं होतं’ म्हणणाऱ्यांचा ढीग पडला. तो बाप ते उत्तर शोधत स्क्रीन खाली खाली सरकवत बसला. मूल वाचलं, पण आलोकनी दुसऱ्याच दिवशी नियम केला आणि शैलजानं तेव्हा त्यांची बाजू घेतली होती.

पण आजचा प्रश्न तसा नव्हता.

प्रश्न विचारणारीचं नाव संपदा. बँकेत अधिकारी. अकोल्याहून बदली होऊन जबलपूर जिल्ह्यातल्या मझौलीला आलेली. नवरा नोकरीसाठी इंदूरला, घरात सासू आणि सहा वर्षांची कादंबरी. मुलीचा आजार कळून फार दिवस झाले नव्हते. सासूच्या नात्यातल्या कुणा वैद्यानं चूर्ण पाठवलं होतं आणि सुया सोडा म्हणून सांगितलं होतं. संपदा बँकेत गेली की दुपारची सुई सासूच्या हातात. ती सुई आता दिलीच जात नव्हती, असं तिच्या लक्षात आलं होतं. ‘भांडले तर त्या रडतात,’ तिनं लिहिलं होतं. ‘म्हणतात, एवढ्याशा पोरीला जन्मभर भोसकत बसणार का? साखर वाढत चालली आहे. मी काय करू?’

सकाळीच नाशिकच्या हेमलतानं उत्तर दिलं होतं. बरोबर उत्तर होतं. त्याला भराभर अंगठे पडले. शैलजानंही रिक्षात बसल्या बसल्या एक दिला होता. मग अकराच्या सुमारास संपदानं त्याखाली लिहिलं, ‘सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, हे एका बाईचं म्हणणं आहे. बाकीचे गप्प आहेत, म्हणजे त्यांनाही खात्री नसेल.’

ते वाचून शैलजानं हातातली फाइल बाजूला ठेवली होती आणि आपलं उत्तर पहिल्यांदा लिहिलं होतं.

तिला नागपूरचा वॉर्ड आठवला. दुर्वाला दवाखान्यात भरती केलं होतं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी चित्र काढून सगळं समजावलं होतं. शैलजा मान हलवत राहिली आणि मनात म्हणत राहिली, दुसरा काहीतरी उपाय असेल, यांना ठाऊक नसेल. मग शेजारच्या खाटेवरची बालाघाटची बाई म्हणाली, ‘बंद मत करना बहन.’ तिच्या पलीकडची गोंदियाची म्हणाली, बंद नको करू. संध्याकाळी एक आजी नातवाला घेऊन आली, ती म्हणाली, आम्ही बंद करून पाहिलं, तू करू नको. लादी पुसणारी मावशीसुद्धा तेच म्हणाली. कुणी काही नवीन सांगत नव्हतं. पण शेवटी शैलजाचा हात उठला आणि तिनं आपल्या लेकीला पहिली सुई दिली.

तिचं दुसरं उत्तरही काढलं गेलं. पाठोपाठ खुद्द आलोकचा फोन आला. फोन उचलून शैलजा गॅलरीत गेली.

“शैलजाताई, तुम्ही जुन्या. तुम्हीच असं करायला लागलात तर नव्यांना मी काय सांगू?”

“आलोकजी, माझं उत्तर चूक होतं का?”

“अजिबात नाही. पण ते हेमलताताईंनी दिलंय ना. अगदी तेच. केवढे अंगठे आहेत बघा त्याला.”

“अंगठे सासूला वाचता येतात का? तिला एकच बाई बोलताना दिसून राहिली. बाकीचे आपण सगळे चूप.”

“ताई, माहिती एकदा दिली की पुरते. तुम्हाला आठवतं ना तो नियम काहून—” ते स्वतःशीच हसले. “बघा, तुमचा शब्द माझ्या तोंडात बसला. का केला ते आठवतं ना?”

“आठवतं. त्या बापाला माहिती पाहिजे होती. हिच्यापाशी माहिती आहे, आलोकजी. बँकेत अधिकारी आहे ती. घरात एकटी पडून राहिली, हे तिचं दुखणं आहे. तिच्या मागं माणसं दिसली पाहिजेत.”

“मग तिला खाजगी निरोप पाठवा. मी अडवणार नाही.”

“खाजगीत काहून? चोरी करून राहिलो का आपण? सर्वांसमोर दिसलं पाहिजे, सासूला दाखवता आलं पाहिजे.”

“एकाला सूट दिली तर उद्या प्रत्येक प्रश्नाखाली रांग लागेल. मी पुन्हा लिहिलेलं काढीन, ताई. आणि मग खातंही बंद करावं लागेल.”

“काढा,” शैलजा म्हणाली. “मी पुन्हा लिहीन.”

तिनं फोन ठेवला. आलोक वाईट माणूस नव्हता. दुर्वा दहावीला असताना याच माणसानं परीक्षेच्या सकाळी फोन करून विचारलं होतं, पेनाबरोबर गोळ्या-बिस्किटं ठेवलीत ना? त्याच्याशी असं बोलावं लागेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. पण तिनं लिहिलं. या वेळी जरा जास्तच लिहिलं.

‘इन्सुलिन बंद करू नका. एक दिवसही नाही. मी शैलजा, जबलपूरची. माझी मुलगी दुर्वा सात वर्षांची असल्यापासून सुया घेते. ती आज धडधाकट उभी आहे ती त्यामुळेच. संपदा, तुमच्या सासूबाईंना सांगा, एक बाई नाही, आम्ही पुष्कळ आहोत. हा माझा नंबर.’ आणि खाली तिनं मोबाईल नंबर टाकला. फोरमवर नंबर टाकणं हाही नियमभंगच.

थोड्या वेळानं तिला फोरम उघडता येईना. उत्तर काढलं गेलं होतं आणि खातं निलंबित झालं होतं.

संध्याकाळी घरी आल्या आल्या तिनं पर्स सोफ्यावर टाकली आणि सगळं एका दमात सांगितलं. तिचा नवरा मोहन डिफेन्स फॅक्टरीत होता. नियम, पाळी, हजेरी यांत त्याची उभी नोकरी गेली होती. तो शांतपणे म्हणाला, “अगं, पण फोरम त्यांचा आहे. नियम त्यांचा आहे.”

“आणि मुलगी?”

“कोणती मुलगी?”

“मझौलीची. ती कोणाची आहे?”

दुर्वा आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. घरात मराठी बोललेलं तिला सगळं कळायचं, पण स्वतः बोलायची वेळ आली की अर्ध्यावर हिंदीत घसरायची. ती म्हणाली, “आई, माझं तर अकाउंट चालू आहे ना? मैं लिखूँ?”

“तुझंही बंद करतील.”

“करने दो ना.”

ती पलंगावर मांडी घालून बसली. मराठी टाइप करायची सवय नव्हती, म्हणून आईला अधूनमधून विचारत होती, पण शैलजानं वाक्य दुरुस्त करायला हात पुढे केला की फोन बाजूला घेत होती. तिनं लिहिलं:

‘मी दुर्वा. मला सात साल की उम्र से हा आजार आहे. इन्सुलिन बंद नका करू. मी रोज घेते. कॉलेजला जाते, स्कूटी चालवते, पाणीपुरी पण खाते. आधी सुई दुखायची, आता सवय झाली. आजी, तुम्हाला वाईट वाटून राहिलं ते मला समजते. माझी आजी पण रडायची. पण बंद नका करू.’

मोहननं ते वाचलं. चष्मा काढून पुसला. “‘समजते’ नाही, ‘समजतं’,” तो म्हणाला, आणि मग, “राहू दे. असंच राहू दे.”

दुर्वाचं उत्तर काढलं गेलं नाही. कदाचित आलोकचा हात धजावला नसेल. त्याखाली हेमलतानं आपलंच सकाळचं उत्तर पुन्हा लिहिलं. मग लातूरच्या एका बापानं तेच लिहिलं. मग चंद्रपूरच्या दोघी बहिणींनी. एकानं फक्त ‘बंद करू नका’ एवढंच लिहिलं, आणि त्याखाली एकीनं, ‘हेच म्हणते मी.’ जेवणाची ताटं मांडेपर्यंत उत्तरांचा रकाना लांबच लांब गेला. मग आलोकनी तो प्रश्न बंद केला. नवीन उत्तर देता येत नव्हतं, पण आधीची सगळी जागच्या जागी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलजानं चहा टाकला होता तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

“ताई, मी संपदा. तुमचा नंबर मी लगेच उतरवून घेतला होता.” तिचा आवाज बसलेला होता. “काल सगळी उत्तरं सासूबाईंना वाचून दाखवली. एकेक. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. दुर्वाचं तर दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, ही पोरगी खरी आहे का? मोबाईलवर कोणीही काहीही लिहितं.”

“कादंबरी कशी आहे?”

“रात्रीची सुई मी दिली. पण फार मलूल झालीय. सारखं पाणी मागते.”

“आजच जबलपूरला दाखवायचं तिला. गाडी आहे का तिथे?”

“शोधतेय.”

“शोधू नको. आम्ही निघून राहिलो. आणि सासूबाईंना सांग, पोरगी खरी आहे. घेऊनच येते.”

मोहननं फॅक्टरीत फोन करून सुट्टी सांगितली. शैलजानं काही विचारायच्या आधी त्यानं गाडीची चावी घेतली होती.

मझौलीला बाजाराच्या मागे बँकेच्या माणसानं मिळवून दिलेलं भाड्याचं घर होतं. दार संपदाच्या सासूनं, सुमित्राबाईंनी, उघडलं. लुगड्याचा पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला, डोळे सुजलेले. त्यांनी शैलजाकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर दुर्वावर गेली आणि तिच्या पायापासून केसांपर्यंत फिरली.

“तूच का ते लिहिणारी?”

“हो आजी.”

“ये बाई आत. पोरीनं आत्ता ओकारी केली. पोट साफ होऊन राहिलं चूर्णानं. बरं वाटंल आता.”

कादंबरी खाटेवर पडली होती. संपदा तिच्या उशाशी बसून पाठीवरून हात फिरवत होती. दुर्वा जवळ गेली, वाकली आणि तशीच थांबली. मुलगी धापा टाकत असल्यासारखी खोल श्वास घेत होती, आणि तिच्या तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. इन्सुलिन न मिळाल्याची ही खूण दुर्वानं ओळखली.

“आई, अभी चलो. अभी के अभी.”

“काहून? काय झालं?” सुमित्राबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. “असं घाबरवू नका. चूर्णाचा गुण यायला वेळ लागते. सुयांनी काय भलं झालं पोरीचं? अंगभर छेद!”

शैलजाच्या तोंडावर खूप काही आलं होतं. पण दुर्वा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं कुर्त्याची बाही दंडापर्यंत वर केली. तिथे बारीक बारीक खुणा होत्या, काही जुन्या, काही ताज्या.

“आजी, हे बघा. माझे पण आहेत. पोटावर पण आहेत. हिला आत्ता जे होऊन राहिलं ना, ते मला पण झालं होतं, सुई सुरू व्हायच्या आधी. मला आठवतं. छातीवर कोणी बसल्यासारखं वाटते. चूर्णानं नाही जाणार ते. बंद नका करू, आजी.”

सुमित्राबाईंनी तिच्या दंडाला हात लावला. अंगठ्यानं त्या खुणा चाचपल्या. मग त्या वळल्या, खाटेपाशी गेल्या आणि संपदाच्या आधी त्यांनीच नातीला उचललं.

“गाडी कुठं लावली?” त्या मोहनला म्हणाल्या. “चाला लवकर.”

जबलपूरच्या दवाखान्यात कादंबरीला तडक अतिदक्षता विभागात नेलं. डॉक्टर संपदावर चिडले, शैलजावरही चिडले, ती कोण हे न विचारता. आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी कादंबरीनं डोळे उघडून आईकडे पाणी मागितलं, आणि त्या संध्याकाळी दुर्वाला विचारलं, “तू खरंच पाणीपुरी खातेस?”

त्याच दुपारी आलोकचा फोन आला होता. शैलजा वॉर्डाबाहेरच्या खिडकीपाशी उभी होती.

“हेमलताताईंकडून कळलं. मुलगी कशी आहे?”

“बरी आहे. धोका टळला म्हणतात.”

पलीकडून दीर्घ श्वास ऐकू आला. “शैलजाताई, तुमचं खातं आजच सुरू करतो. फक्त एक ओळ लिहून पाठवा. यापुढे पुनरुक्तीचा नियम पाळेन, एवढंच. बाकी मला काही नको.”

“नाही लिहिणार.”

“ताई, हट्ट कशासाठी? तुमचं काम झालंय ना?”

“माझं काम नव्हतं ते. आणि मी पाळणार नाही, मग लिहून काहून देऊ? पुढच्या वेळी कोणी असंच घाबरून विचारलं, तर मी तेच उत्तर देणार. माझ्याआधी शंभर लोकांनी दिलं असलं तरी देणार.”

“घाबरून विचारलं की माहितीसाठी विचारलं, हे ठरवायचं कुणी?”

“तुम्ही बाप आहात आलोकजी. तुम्हाला वाचून कळत नाही?”

“मला कळतं. पण मला रोज हजार प्रश्न सांभाळायचे असतात. नियम सगळ्यांना एकच. ओळ आली नाही तर खातं बंदच राहील.”

“राहू द्या.”

“तुमची एवढ्या वर्षांची उत्तरं आहेत तिथे.”

“असू द्या ना. कोणाच्या कामी येतील.” मग ती म्हणाली, “तुमच्या लेकाला आशीर्वाद सांगा.”

फोन ठेवून ती खिडकीतून खालच्या रस्त्याकडे बघत राहिली. दुर्वा लहान असताना ज्या जागेच्या आधारानं तिनं दिवस काढले होते, ती जागा गेली होती. तिला रडू येत होतं आणि तिला जराही पश्चात्ताप होत नव्हता. दोन्ही एकाच वेळी.

नियम आजही तसाच आहे. त्या एका प्रश्नाखालची उत्तरंही तशीच आहेत. आलोकनी त्यातलं एकही नंतर काढलं नाही. शैलजाच्या मोबाईलवर मात्र आता अनोळखी बायकांचे फोन येतात. कुणीतरी कुणाला तरी नंबर देतं. ती ऑफिसच्या गॅलरीत उभी राहून बोलते आणि साहेबांनी भुवया उंचावल्या तरी बोलणं तोडत नाही.

कादंबरीला घरी सोडायच्या दिवशी सुमित्राबाई शैलजाबरोबर ओमतीच्या बाजारात आल्या. इन्सुलिन ठेवायला थंड पिशवी हवी होती. पहिल्या औषधाच्या दुकानात पिशवी मिळाली. शैलजा निघणार तोच सुमित्राबाईंनी काउंटरवर दोन्ही हात टेकवले.

“भैया, मेरी नातनी छोटी है. यह सुई कभी बंद कर सकते क्या?”

“नहीं माताजी. बंद मत करना.”

त्यांनी मान हलवली. चार पावलं पुढे दुसरं औषधाचं दुकान होतं. त्या तिथेही चढल्या. तिथल्या पोक्त माणसानं प्रश्न ऐकला, चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि तेच सांगितलं. बाहेर आल्यावर त्या ओशाळल्या.

“तुम्हाला उशीर करून राहिले मी. माझा विश्वास आहे बाई आता. पण ऐकलं की जीवाला बरं वाटते.”

“मला कुठं जायचं नाही,” शैलजा म्हणाली. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. “तिथं आणखी एक दुकान आहे. चला, त्यालाही विचारू.”